भैयाजीचं भारीवालं पेट्रोल

महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, हे माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा कोणी घातलं ते मला माहीत आहे. आम्ही दुकानदारांनीच घातलं. माझ्या दोन्ही भावांची पुलगावात किराण्याची दुकानं आहेत. वडिलांचंही होतं. मी एकटाच घरातून पळालो आणि एसटीत कंडक्टर झालो, पण रक्त थोडंच बदलतं? कोणी उगाच जास्त मोजून वर फायदा झाला म्हणून सांगायला लागला की माझं डोकं फिरतं. त्यामुळे भैयाजी थूल आपल्या जुन्या गाडीत प्रीमियम पेट्रोल टाकायला लागला आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज कसं चढलं ते सगळ्या पिपरी मेघेला सांगत सुटला, तेव्हा सगळ्यात जास्त राग मला आला.

भैयाजी माझा ड्रायव्हर. आता दोघंही रिटायर आहोत, वर्ध्यात तो पिपरी मेघेत राहतो, मी नालवाडीत, तरी ‘माझा ड्रायव्हर’ असंच तोंडात येतं. पुलगाव डेपोत आमची जोडी इतकी वर्षं टिकली की लोक आमच्या बायकांपेक्षा आम्हा दोघांना जास्त एकत्र बघत.

तो मूळचा नाचणगावचा. घरी मजुरी. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षी त्याचा जन्म, आणि तो रांगत असतानाच आई गेली. त्याला वाढवलं ते विमलाबाईनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं. तेव्हा तीही पोरच होती. कडेवर भाऊ घेऊन ती निंदणाला जायची. तो तिला नुसतं ‘बाई’ म्हणतो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसंच. पण त्याच्या तोंडी त्या शब्दात आईसुद्धा असते.

ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव होतं ते डिझेलच्या अ‍ॅव्हरेजसाठी. एसटीत कोणत्या ड्रायव्हरनं किती डिझेलात गाडी किती चालवली याचा हिशेब ठेवतात. डेपोत नावं लागायची, आणि भैयाजीचं नाव वरून कधी खाली आलं नाही. स्टॉप दिसण्याआधीच त्याचा पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उठलेला असायचा. गाडी आपली आपण सरकत स्टॉपवर जाऊन उभी राहायची. ब्रेक हा त्याला अपमान वाटायचा. सव्वीस जानेवारीला त्याला शाल-श्रीफळ मिळायचं आणि नारळ तो माझ्या हातात द्यायचा, “घे बे परभाकर, आर्धा तुहा.” आम्ही एसटीवाले माणूस अ‍ॅव्हरेजवरूनच ओळखतो. ज्याचं अ‍ॅव्हरेज चांगलं त्याचं सगळं चांगलं, असा आमचा समज. हा समज किती महागात पडू शकतो ते मला फार उशिरा कळलं.

या माणसाच्या मनात एकच गोष्ट सलत होती. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायला जादा गाड्या सुटायच्या आणि त्यातली एक हमखास भैयाजीची असायची. खच्चून भरलेली गाडी, खिडक्यांतून निळे झेंडे, आत पांढऱ्या साड्या, लेकरं, भाकरीची गाठोडी. तो सगळ्यांना नेऊन सोडायचा आणि पुढची फेरी करायला परत फिरायचा. विमलाबाई मात्र गावच्या लोकांबरोबर ट्रकमध्ये उभ्यानं जायची, कारण तिच्या गावची माणसं निघायची त्या वेळेला याची गाडी दुसऱ्याच गावच्या फेरीला लागलेली असायची. लहानपणी, दीक्षेच्या त्या पहिल्या दिवशी, ती बापाचं बोट धरून तिथं गेली होती. “साऱ्या दुनियेले नेलं बे,” भैयाजी म्हणायचा, “माह्या बाईले काई मी नेलं नाई.”

रिटायर झाल्यावर नेणार होता. पण स्वतःची गाडी नव्हती, मग कोरोना आला, मग याच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. शेवटी त्याच्या मुलीनं, मयुरीनं, जिल्हा परिषदेतल्या आपल्या नोकरीच्या जोरावर एक पांढरी छोटी गाडी जुन्यात घेऊन बापाच्या दारात उभी केली. तिचं घर माझ्या गल्लीच्या पुढेच, नालवाडीत. गाडी तिची, लायसन तिचं, आणि स्टेअरिंगला हात लावायची परवानगी मात्र नाही. “तुहा पाय जड हाय,” बापानं निकाल दिला, “अ‍ॅव्हरेजचा सत्यानाश करशीन.” मयुरी हसून सोडून द्यायची. तिच्या आईला, जिजाबाईला, मात्र राग यायचा, आणि जिजाबाईचा राग मला नेहमीच बरोबर वाटत आला आहे.

गाडी आली त्या दसऱ्याला विमलाबाई न्यूमोनियानं दवाखान्यात होती. मग ठरलं, पुढच्या वर्षी नक्की. ती आता ऐंशीला टेकलेली. पुढच्या वर्षीचं ‘पुढच्या वर्षी’ करायची सोय राहिलेली नाही हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं.

त्याच दरम्यान हे प्रीमियमचं सुरू झालं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं अशी जो तो कुरकुर करत होता आणि भैयाजीची गाडी उलट जास्त पळायला लागली होती. गाडी आली तेव्हा लिटरला सोळा द्यायची, आता वीसच्या पुढे. तो टाकी फुल करून काटा बघून हिशेब करणारा माणूस, खोटं बोलणार नाही. पंपावर गेला की छाती काढून सांगायचा, “साधं नको. भारीवालं टाक.”

आणि भारीवाल्या पेट्रोलचे नियमही त्यानंच काढले. हे पेट्रोल सावकाश जळतं, म्हणून गाडी सावकाश चालवायची, नाहीतर गुण येत नाही. ओव्हरटेक करायचा नाही. ट्रक पुढे असला तर त्याच्यामागे मुकाट जायचं, वारा कमी लागतो. संध्याकाळी गाडी काढायची नाही, थंड हवेत याचा फायदा होत नाही.

“पेट्रोल हाय का काढा हाय बे?” मी विचारलं. “गरम गरम घ्याचं, वरून दही खायाचं नाई, असं बी काई हाय का?”

“तुले नाई समजत,” तो म्हणाला. “तू तिकीटं फाडली जिंदगीभर.”

मला समजत नाही म्हटल्यावर ज्याला समजतं अशा माणसाकडे मी त्याला घेऊन गेलो. योगेंद्रचं गॅरेज देवळी नाक्याकडे आहे, भैयाजीचीच गाडी तो बघतो. त्यानं हात पुसत सांगितलं, “काका, त्या पेट्रोलचा ऑक्टेनचा आकडा मोठा असते म्हणजे त्याच्यात ताकद जास्त असते असं नाई. ते दाबाखाली लवकर भडकत नाई, एवढंच. मोठ्या दाबाच्या इंजनले ते लागते. आपल्या या गाडीले साधंच सांगतलं हाय कंपनीनं. भारीवालं टाकून नुसकान नाई, पण अ‍ॅव्हरेज त्याच्यानं वाढणार नाई.”

“मंग वाढलं कसं?”

“टायरात हवा बराबर असन. नाईतं तुमचा पाय.”

भैयाजी खूष झाला. पायाची तारीफ झाली ना! पण पेट्रोल काही सोडलं नाही. मग मी पैज लावली. एक टाकी साध्या पेट्रोलची, रस्ता तोच, वर्धा-देवळी-नाचणगाव, माणसं तीच. अ‍ॅव्हरेज पडलं तर मी चारचौघांत कान धरीन, नाही पडलं तर त्यानं माझ्यासमोर पंपावर म्हणायचं, ‘साधं टाक’. तो नाही नाही म्हणत होता, जिजाबाई म्हणाली, “भेता काऊन? लावा ना पैज.” मग तयार झाला.

इथे एक सांगायला हवं. या सगळ्या फेऱ्यांना तो मला बरोबर घेऊन जायचा. दळण आणायला, बँकेत, नाचणगावला बाईला भेटायला, कुठेही जायचं झालं की फोन यायचा, “चाल बे.” मी नाही म्हटलं तर तोही जायचं टाळायचा. मला बरं वाटायचं. बायको गेल्यापासून मला असं हक्कानं बोलावणारं फारसं कोणी उरलेलं नाही. मी त्याच्या डाव्या हाताला बसायचो आणि तोंडाचा पट्टा सुरू. ही माझी जुनी खोड आहे. एसटीत डावी बाजू कंडक्टरचीच असते. दार माझं, मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ माझं, डावीकडून सायकल घुसली, म्हैस आली, कोणी हात दाखवला, ते ओरडून सांगायचं कामही माझं. रिटायर झालो तरी ती जीभ काही रिटायर झाली नाही. ‘हा पोट्टा पाहा कसा घुसून राह्यला,’ ‘अबे बकऱ्या,’ ‘तो म्हातारा आडवा जाते आता,’ असं माझं चालूच असतं. मयुरी म्हणते, काकांसोबत गेलं की रेडिओ लावायला लागत नाही.

साध्या पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली होती तेव्हा आम्ही नाचणगावला गेलो, विमलाबाईला दसऱ्याचं सांगायला. तिनं पांढरी साडी धुवून, घडी करून ठेवली होती. “भैया, मले समोर बसवशीन ना?” तिनं विचारलं. “समोरच बसवतो,” हा म्हणाला. “राणीसारखी.” ती तोंडाला पदर लावून हसली. भैयाजीच्या तोंडावर त्या वेळी जे दिसलं तसं मी शाल-श्रीफळाच्या वेळीही बघितलेलं नव्हतं.

परत निघालो ते दुपारी. आदल्या दिवशी मी दाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजलेला. बोलायची सोयच नव्हती. मी खिडकीला डोकं टेकून गप्प बसलो होतो. पुलगाव मागे टाकलं तसं त्यानं सुरू केलं, “बोल ना बे काई.” मी मानेनं नाही म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा, “बोल ना. झोप येते मले.” मी हातानं तोंड दाखवलं. त्याचा चेहरा मला चिडलेला वाटला. गाडी तर त्यानं इतकी हळू केली की मागचे मोटरसायकलवाले हॉर्न वाजवून शिव्या देत पुढे जात होते.

देवळीच्या अलीकडे डावीकडून एक शेताचा रस्ता येऊन मिळतो. त्यावरून एक मुलगी स्कूटीवर आली, मागे कडब्याची पेंडी बांधलेली. मला ती चांगली लांबून दिसली. भैयाजीलाही दिसली असणार, असं मी धरून चाललो. आता पाय उचलेल, आता उचलेल. ज्या माणसाचा पाय स्टॉपच्या आधी फर्लांगभर उठतो, त्याचा पाय तसाच दाबलेला राहिला. मुलगी आमच्या बोनटच्या कोपऱ्याशी आली तेव्हा मी बोळ्यासकट ओरडलो आणि स्टेअरिंगच ओढलं. त्यानं ब्रेक मारला. स्कूटी आडवी झाली, पेंडी सुटून रस्त्यावर पसरली. मुलगी उठली, गुडघा झटकला, आम्हाला दोन शब्द ऐकवले, ते आमच्या लायकीचेच होते. मी खाली उतरून तिची पेंडी बांधून दिली. लागलं नव्हतं तिला.

भैयाजी गाडी बाजूला घेऊन तिथल्या कडुनिंबाखाली बसला. ब्रेक मारायची वेळ आली म्हणून लाज वाटली असेल, असं मला एक क्षणभर वाटलं. एसटीवाल्याचं डोकं हे असं चालतं.

मी त्याच्या बाजूला जाऊन पाण्याची बाटली पुढे केली. तो समोर बघत होता. मी बाटली तशीच धरून उभा. तो समोरच बघतोय. मी बाटली हलवली. त्याला ती दिसतच नव्हती. हातभर अंतरावर, डाव्या अंगाला मी उभा होतो आणि त्याच्यासाठी तिथं कोणीच नव्हतं.

मी बोळा काढून फेकला. “भैयाजी, किती दिवसापासून?”

तेव्हा मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं. “साल झालं,” तो म्हणाला. “काचबिंदू हाय म्हणे. समोरचं सारं दिसते बे. बोर्ड वाचतो, काटा वाचतो, तुह्या गालाची सूज दिसते. बाजूचं गेलं. नळीतून पाह्यल्यावानी दिसते. औषध टाकतो डोळ्यात. जे हाय ते टिकन, गेलं ते वापस येत नाई म्हणे डॉक्टर.”

“गाडी चालव म्हणाला का डॉक्टर?”

त्यानं माझ्या हातातून बाटली घेतली आणि टोपण फिरवायला लागला.

मग मला एकेक गोष्ट उलगडत गेली आणि प्रत्येक गोष्टीनं मला जास्त राग येत गेला. ट्रकमागे मुकाट जाणं वाऱ्यासाठी नव्हतं. पुढे एक मोठी चीज असली की तिच्यामागे चालत राहता येतं म्हणून होतं. ओव्हरटेक नाही, कारण बाजूचं दिसत नाही. संध्याकाळी गाडी नाही, कारण अंधारात ती नळी अजून बारीक होते. हळू, हळू, नेहमी हळू. हळू चालवलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज चढणारच! आणि ते चढलेलं बघून कोणी विचारायला लागलं की काय केलं भैयाजी, म्हणून मध्ये ते भारीवालं पेट्रोल. आम्ही सगळे आकड्याकडे बघत बसलो. आकडा चढला म्हणजे माणूस ठणठणीत. जिजाबाई दोन-तीनदा म्हणाली होती की हे आजकाल बाजूला ठेवलेला चहा सांडवतात, वाढलेल्या ताटात हात घालतात. आम्ही म्हातारपण म्हणून हसलो होतो.

आणि मी! मला वाटत होतं माझी सोबत हवी म्हणून हा मला नेतो. त्याला माझी जीभ हवी होती. ‘बकऱ्या,’ ‘पोट्टा,’ ‘म्हातारा आडवा’... वर्षभर मी त्याचा डावा डोळा होतो आणि मला पत्ता नव्हता. मला फार लागलं ते. मी तोंडावर म्हणालो, “फोकटात वापरलं बे तू मले.”

“तूच होता ना,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाच्या भरोशावर चालवली असती का मी?”

तो पुढे म्हणाला, “परभाकर, एवढा एक दसरा. बाईले नेऊन आणू दे. मंग चाबी मयुरीच्या हातात. तू मांगं बसजो, बाईच्या मांगं, डाव्या बाजूले. सांगत राह्यजो फक्त. नागपूरपर्यंत.”

खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. त्याच्या आयुष्यात त्यानं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. पण ती मुलगी गुडघा झटकत उभी राहिलेली डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरचा रस्ता कसा असतो ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. बाजूनं लेकरं, म्हाताऱ्या, सायकली, झेंडे घेऊन चालणारी माणसं, मैलच्या मैल. मी म्हणालो, “नाई. तू स्टेअरिंगवर बसला त मी मयुरीले सांगन.” तो उठला, मला गाडी चालवता येत नाही म्हणून पुन्हा स्टेअरिंगवर बसला, आणि घरापर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. म्हणजे मी बोललो, फक्त डावीकडचं.

पैजेचं सांगायचं तर, टाकी संपली तेव्हा साध्या पेट्रोलनंही अ‍ॅव्हरेज तेवढंच दिलं. योगेंद्र बरोबर होता, मी जिंकलो होतो. मी त्याला पंपावर काही म्हणायला लावलं नाही.

मयुरीला मी सांगितलं का? नाही. रोज सकाळी ठरवायचो, संध्याकाळी पाय उचलत नव्हता. ती माझ्या दारावरूनच ऑफिसला जायची, हात करायची, मीही हात करायचो. एखाद्याची चावी काढून घेणं म्हणजे त्याचं काय काढून घेणं असतं ते ड्रायव्हरबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला कळतं. मी एवढंच ठरवलं की निघायच्या सकाळी मी तिथं हजर असेन, आणि तो स्टेअरिंगवर बसलाच तर सगळ्यांसमोर सांगेन.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पिपरी मेघेत पोचलो तर गाडी धुवून उभी, समोर छोटा निळा झेंडा. विमलाबाई दोन दिवस आधीच येऊन राहिलेली. जिजाबाई डबे बांधत होती. मयुरी पाण्याच्या बाटल्या भरत होती. आणि भैयाजी पांढरा शर्ट घालून स्टेअरिंगवर. त्यानं मला येताना समोरून बघितलं आणि नजर खाली घेतली. मी गाडीकडे चालू लागलो, काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत.

माझ्याआधी विमलाबाई पोचली. ती घरातून बाहेर आली, पांढऱ्या साडीत, हातात तिची कापडी पिशवी, आणि सावकाश चालत गाडीच्या डाव्या दाराशी गेली. काच खाली होती. समोरच्या सीटजवळ उभी राहून तिनं आत वाकून भावाकडे बघितलं. तिला बहुतेक त्याच्याकडे नुसतं बघायचंच होतं थोडा वेळ. तो सरळ समोर बघत होता. घड्याळ बघितलं, आरसा सारखा केला. मग आवाज दिला, “जिजा, बाई कुठी हाय? आली नाई का अजून? बोलाव न तिले.”

जिजाबाईच्या हातात डबा तसाच राहिला. मयुरीनं आधी आत्याकडे बघितलं, मग बापाकडे.

“भैया,” विमलाबाई अगदी हळू म्हणाली, “मी इथंच हाओ ना रे.”

त्यानं मान वळवली. तिचं तोंड त्याच्या तोंडापासून हातभरही लांब नव्हतं. किती तरी वेळ तो तिच्याकडे बघत राहिला. तिला काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. तिनं खिडकीतून हात आत घातला आणि त्याच्या गालावर ठेवला. मला बोलायची गरजच पडली नाही. आणि मला त्याचं बरंही वाटलं नाही, रडूच आलं.

भैयाजीनं गाडी बंद केली. उतरला. दाराला धरून पुढून वळसा घेऊन मयुरीजवळ गेला आणि चावी तिच्या हातात दिली.

“बाबा, काय झालं?”

“डोळे गेले बेटा बाजूचे. रस्त्यानं सांगतो.” मग लगेच, “क्लच आर्धा दाबून ठेवू नको. जळते.”

आम्ही निघालो. विमलाबाईला समोर बसायचं होतं. ती म्हणाली, आता नाही, मी भैयाजवळ बसते. म्हणून मी पुढे, आणि मागे जिजाबाई, भैयाजी आणि विमलाबाई. पवनारपर्यंत त्यानं सगळं सांगितलं, डॉक्टर, औषधं, नळी, मी, देवळीची ती मुलगी. जिजाबाई आधी रडली, मग जी चिडली ती सेलू येईपर्यंत थांबली नाही. मयुरीचे डोळे रस्त्यावर होते आणि ती गाडी छान चालवत होती. थोडी जोरात. मला तेही छान वाटलं.

सेलूच्या पुढे भैयाजी जरा मोकळा झाला. आता त्याला मान वळवायला कोणाची आडकाठी नव्हती. या खिडकीकडे वळायचा, त्या खिडकीकडे वळायचा. कापूस फुटायला लागला होता, सोयाबीनचे ढीग पडले होते. रस्त्याच्या कडेनं माणसांची रांगच्या रांग चालली होती. “बाई, हे तळं इथं पयलेपासून हाय का?” त्यानं विचारलं. विमलाबाई म्हणाली, “मी टरकातून दरसाल पाह्यतो त्याले. तुले नाई मालूम?” या रस्त्यानं किती फेऱ्या केल्या असतील त्यानं. तळं काही त्यानं कधी बघितलेलं नव्हतं.

नागपूरला गाड्या फार अलीकडेच थांबवतात. मयुरीनं मैदानात गाडी लावली आणि आम्ही चालायला लागलो. पुढे गर्दी इतकी की पाय उचलला तर ठेवायला जागा शोधावी लागेल. बाजूनं माणसं येऊन धडकत होती आणि भैयाजी प्रत्येक वेळी दचकत होता. मी त्याच्या डाव्या अंगाला जायला निघालो, तेवढ्यात विमलाबाईनं त्याचं मनगट धरलं. ही एवढीशी, वाकलेली बाई. पण तिनं पिशवी काखेत मारली आणि वाट काढत पुढे झाली. डावीकडे कोणी आलं की ती त्याला उजवीकडे ओढायची, लहान पोराला ओढावं तशी. तो मुकाट चालला होता.

एका वळणावर निळी टोपी घातलेला एक स्वयंसेवक दोरी धरून उभा होता. त्यानं या दोघांना बघितलं आणि ओरडून म्हणाला, “बाबा, आजीचा हात सोडू नका! पुढं लय गर्दी हाय. सांभाळून न्या त्याईले!”

भैयाजी थांबला. जी गोष्ट त्यानं वर्षभर आम्हा सगळ्यांपासून लपवून ठेवली होती, ती त्यानं त्या अनोळखी पोराला, शेकडो माणसांच्या मधोमध, मोठ्या आवाजात सांगितली.

“मले दिसत नाई भाऊ. मी नाई नेत इले. माही बाई मले नेऊन राह्यली.”